चोचीच्या पाखरांचा बाबू

"रंगावर नोका जाऊ, शेटजी. शिरा पाहा."

हे म्हणताना तो डाव्या हाताच्या नखावर एक मेलेलं पाखरू ठेवी. खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची जुनी बाटली काढी आणि तिच्यातल्या स्पिरिटचा एक थेंब काडीने पाखराच्या पंखावर सोडी. पंखावरची पांढरी पट्टी, सोनेरी धूळ, ठिपके, सगळी नक्षी जागच्या जागी विरून जाई. काचेसारखं पातळ काहीतरी उरे आणि त्यात केसासारख्या शिरा दिसत. स्पिरिट उडालं की नक्षी परत येई. तेवढ्या वेळात त्याला जे पाहायचं ते तो पाहून घेई.

या माणसाने माझ्या कडब्याच्या दोन गंज्यांचं वाटोळं केलं असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ऐकणारे मान हलवत. तुम्ही मान हलवण्याआधी सगळं ऐकून घ्या. मी व्यापारी आहे. तोलून दिलेला माल परत तोलून घ्यायला माझी हरकत नसते.

मी मूळचा वडनेरचा. बापाच्या मागे एक बैल आणि अर्धी बंडी माझ्या वाट्याला आली. अर्धी म्हणजे तिचं एक चाक चुलत्याच्या अंगणात होतं आणि ते त्याने शेवटपर्यंत दिलं नाही. तिथून निघून मी सेलूला आलो, लोकांची कुरणं कापायला घेतली आणि पाच-सात वर्षांत सडकेला लागून माझी स्वतःची गवत-कडब्याची टाल उभी केली. हे सगळं मी जिभेवर केलं. सौद्यात माझ्यासमोर दोन तासांपेक्षा जास्त कोणी टिकत नसे. राग लवकर येतो हा माझा दोष आहे. पण बाजारात त्याचाही उपयोग होतो.

तो मला पहिल्यांदा भेटला तो माझ्याच कुरणात, पालथा पडलेला. आश्विनातले दिवस, गवत कमरेएवढं. लांबून मला फक्त एक सायकल आणि दोन तळपाय दिसले. वाटलं, गवतचोर आहे.

"कोण हाय बे तो? ऊठ!"

तळपाय हलले नाहीत. गवतातून एक हात वर आला आणि आवाज आला, "पाय नोका टाकू! तिथंच थांबा!"

माझ्या गवतात मलाच थांबा! मी बैल हाकायची तुतारी उगारून पुढे झालो. तोवर तो उठून बसला. खाकी अर्धी विजार, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा, आणि हातात वेताच्या कड्याला शिवलेली मच्छरदाणीची पिशवी. शेतकी खात्याच्या वर्ध्याच्या कचेरीत कीडकाटी गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून सायकलवर एवढ्या लांब येऊन तो माझ्या गवतावर पोट घासत होता.

"काय हाय इथं?"

 त्याने जवळच्या कुसळी गवताच्या झुबक्याला काठीने हळूच टिचकी मारली. पाच-सहा फिकट पाखरं भुरकन उडाली आणि दोन हातांवर जाऊन दिसेनाशी झाली.

"सांगा, कुठं गेली?"

मला एकही दिसेना. गवतावर आयुष्य काढलेला माणूस मी, पण दिसेना. मग त्याने बोट दाखवलं. वाळल्या काडीवर दुसरी बारीक काडी चिकटावी तसं एक पाखरू बसलं होतं, डोकं खाली, पंख अंगाभोवती विडीसारखे गुंडाळलेले. तोंडापुढे एक लांब चोच होती.

"चोच नाई ते," तो म्हणाला. "ओठाजवळचे दोन केसाळ तुरे हायत, जोडून पुढं काढलेले. पण मी चोचच म्हणतो. साहेबाच्या पुस्तकातलं नाव माझ्या तोंडात बसत नाई."

तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव पाखरूबाबू पडलं.

सरकारी माणूस म्हटला की त्याला काहीतरी हवं असतं हा माझा अनुभव. या माणसाला माझ्याकडून गवताची नावं हवी होती. पवन्या कोणता, मारवेल कोणता, शेडा कुठे संपतो आणि कुसळी कुठे सुरू होते, हे मी त्याला दाखवायचं. त्याच्या बदल्यात कोणत्या गवतावर कोणतं पाखरू बसतं हे तो मला सांगायचा. डोळे मिटून पेंढी हातात घेतली की ती कोणत्या कुरणातली ते मी सांगू शकतो. हे मी त्याला करून दाखवलं, तेव्हा तो लहान पोरासारखा हसला. म्हणाला, "शेटजी, तुमी माझ्याच धंद्यातले हाय."

दुपारी तो माझ्या टालीवर सावलीला येऊन बसे. वर्तमानपत्राच्या कागदाच्या त्रिकोणी पुड्या करी, एकेका पुडीत एकेक पाखरू ठेवी आणि वर बारीक अक्षरात चार ओळी लिही: गाव, तिथी, कशावर बसलं होतं, आणि धरणारा कोण. माझा हमाल गणपत त्याची थट्टा करी.

"बाबू, सुंठ बांधून राह्यला का वेलदोडे?"

"हळद," तो म्हणे. "तुह्या लग्नाची."

सरकारी छापील कागदाच्या कोऱ्या बाजूवर त्याने पेन्सिलीने या पाखरांची वंशावळ काढली होती. वर एक मोठं घराणं, चोचवाल्यांचं. त्याच्या खाली घरं. गवतावर जगणाऱ्यांचं एक मोठं घर, आणि त्यात पुन्हा भाऊबंद. कोणी मुळाशी रेशमाची नळी विणून तिच्यात राहणारे, कोणी पान गुंडाळून आत बसणारे, कोणी धांड्याच्या पोटात शिरून गाभा खाणारे. दिसायला सगळे वाळल्या काडीसारखे. एका पावसाळ्यानंतर त्याने माझ्या एकट्या कुरणात चौदा जाती वेगळ्या काढल्या. मला त्यातल्या तीन ओळखता येत.

"हे दोघं सख्खे भाऊ असतील," मी दोन पाखरांकडे बोट दाखवून म्हणे.

"नाई. एकाच रंगाचे हायत फक्त. याचं घर वेगळं." मग एक पांढरं आणि एक मातकट अशी दोन पुढे करी. "हे पाहा, हे नवरा-बायको. लोक यायले वेगळ्या जातीचे म्हणतात. रंगावर नोका जाऊ, शेटजी."

पंखांच्या शिरांनीही निकाल लागला नाही तर तो शेपटीचं टोक भिंगाखाली धरून बसे. तासन्‌तास. बोललेलं ऐकू जात नसे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. टालीच्या भिंतीत कोनाडा होता. त्यात पितळेचा एक पेला पालथा घातलेला असे. तो त्याच्यासाठी होता. तसं कोणी ठेवायला सांगितलं असं विचाराल, तर मीच. त्या काळी तशीच रीत होती, एवढं म्हणून मी मोकळा होऊ शकतो. तो पेल्याला हात लावत नसे. सायकलला बांधलेल्या भोपळ्याच्या तुंबडीतलं पाणी पीत असे. मला वाटे, त्याला तुंबडीतलं पाणी आवडतं.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मी दोन मोठ्या गंज्या धरून ठेवल्या होत्या. कडबा महाग होईतो विकायचा नाही हा माझा नेम. वर्ध्यातल्या एका दुधाच्या गोठ्याच्या मालकाशी सौदा ठरला. हा माणूस कमी बोलणारा आणि विसार देण्याआधी माल हुंगून पाहणारा. रोहिणीत थोडा शिडकावा होऊन गेला होता. तो माल पाहायला आला, गंजीतून एक पेंढी ओढली, आणि चाळीस-पन्नास पाखरं आमच्या तोंडावर उडाली.

"खोडकिडा हाय का हा?" त्याने विचारलं.

"छे! गवतातली पाखरं. शेजारी गवताची गंजी दिसत नाई का?"

त्याने धांडा उभा चिरला. आत भोक होतं. मी म्हणालो, भोक कोणत्या धांड्यात नसतं? ते मागचं आहे. तो म्हणाला, "गोठ्याभोवती माझी जवारी राहते. खोडकिड्याची पाखरं मी विकत नेऊन माझ्याच वावरात सोडू का? शेतकीच्या माणसाची चिठ्ठी आणा. गवताची पाखरं लिहून दिलं तर दोन्ही गंज्या उचलतो."

मी मनात खूश झालो. चिठ्ठी देणारा माणूस रोज माझ्याच सावलीत बसत होता.

पाखरूबाबू आला. त्याने उडणारी पाखरं धरली, पुड्या बांधल्या. मग गंजीच्या पोटातून पेंढ्या काढून धांडे चिरले आणि आतले तपकिरी कोश काढले. काचेच्या बरणीत कोश ठेवून तोंडाला फडकं बांधलं.

"लिही आता," मी म्हणालो.

"उडणाऱ्यांचं पाहतो. पण कोशावरून नक्की सांगता येत नाई. फुटून पाखरू निघालं की सांगतो."

"किती दिवस?"

"त्याच्या मनावर हाय."

तुम्हीच सांगा, बाजारातल्या माणसाने याचा अर्थ काय घ्यायचा? दोन दिवस गेले, चार गेले, आठ गेले. तो रोज येई, बरणी उजेडात धरी आणि म्हणे, "अजून नाई." गोठेवाल्याचा निरोपावर निरोप. इकडे मृग तोंडावर. जो माणूस आज नाही, उद्या पाहू, म्हणतो, तो भाव करत असतो. मी स्वतः तीस वर्षं हेच केलेलं. मला या बोलण्याची भाषा चांगली समजत होती. राग आला तो याचा की त्याने इतक्या ओळखीनंतर असा भाव करावा.

नवव्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला. आमच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. मी त्याची दोन बोटं दाबली.  मी तीन दाबली. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी चार दाबून हात घट्ट धरला.

त्याने दुसऱ्या हाताने दुपट्ट्याचं टोक अलगद उचललं आणि आत डोकावून कुजबुजला, "हळू धरा, शेटजी. पंख चुरतील. कोणतं हाय?"

गणपत पोट धरून हसत सुटला. मी उठून आत गेलो.

अकराव्या दिवशी कोश फुटले. सात पाखरं निघाली. त्याने एकेकाच्या पंखावर स्पिरिट सोडलं, भिंगाखाली शेपट्या पाहिल्या. दुपारी माझ्याकडे आला. उभाच राहिला.

"बरणीतले सातही खोडकिडे हायत, शेटजी."

"आन बाहेर उडणारे?"

"ते गवताचे. सगळे तपासले. त्यात खोडकिडा एकही नाई."

हा शब्द मी पकडला. सौद्यात असाच एक शब्द हाती लागावा लागतो. "मग झालं तर! गोठेवाल्यानं काय पाह्यलं? उडणारी पाखरं. त्यानं काय विचारलं? उडणारी पाखरं कोणती ते. तेवढंच लिही. 'गंजीवरची पाखरं गवताची आहेत.' यात खोटं हाय का?"

तो विचारात पडला. खरंच पडला, कारण त्याने मान कलती केली. भिंगात पाहताना तो तशीच करी.

"खोटं नाई," तो म्हणाला. "अर्धं हाय."

"अर्धं चालते! मी अर्ध्या बंडीवर आलो इथं!"

"त्या सातांत चार माद्या हायत, शेटजी. मृग पडला की कोवळ्या जवारीवर अंडी घालतील. गंजीत अजून कोश असतील."

"तुह्या बापाची जवारी हाय का ती?"

मी हे ओरडून म्हणालो. गंजीवरचं एक पाखरू माझ्या बाहीवर येऊन बसलं होतं. ते मुठीत धरलं आणि त्याच्या तोंडावर फेकलं. "घे! हेही मोज! हेही लिही!"

ते त्याच्या सदऱ्यावर आपटून खाली पडलं. तो वाकला. दोन बोटांनी ते उचललं, खिशातून कागद काढला, पुडी केली आणि खिशात घातली. मग एक घडी केलेली चिठ्ठी खाटेवर ठेवून सायकलवर बसून निघून गेला. चिठ्ठीची पहिली ओळ मी वाचली: गंजीत ज्वारीचा खोडकिडा आहे. पुढे सात-आठ ओळी होत्या. त्या वाचल्या नाहीत. चिठ्ठी फाडली.

दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याला त्याच्या साहेबाकडे गेलो. म्हणालो, तुमचा माणूस पैशासाठी हात पुढे करतो, अकरा दिवस अडवून ठेवलं. लेखी द्या, साहेब म्हणाला. मी लेखी दिलं. हात कोणी पुढे केला होता ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी शपथेवर विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. रागात माणसाला आपलं खोटं ऐकू येत नाही.

साहेबाने त्याला बोलावलं. "पैसे मागितले का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाई साहेब. शेटजीनं दुपट्ट्याखाली हात देल्ला होता. मले वाटलं, पाखरू हाय."

साहेब हसला. दाराशी उभे असलेले दोन चपराशी हसले. मग साहेब त्याला म्हणाला, "कशाला ताणता? उडणारी गवताची आहेत, तेवढं लिहून द्या यांना."

"तुमी लिहा साहेब, सही तुमची करा," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या पुड्यांवर सात खोडकिडे लिहिलेले हायत. ते मले खोडता येत नाई."

साहेबाने लिहिलं नाही. गोठेवाल्याने सौदा मोडला. आठवड्याच्या आत सेलूच्या बाजारात पसरलं की याच्या मालात किडा आहे. किडका शेट! टालीसमोरून जाणारी पोरंसुद्धा म्हणू लागली. माझं नाव मी अर्ध्या बंडीपासून कमावलं होतं.

भर दुपारी मी दोन्ही गंज्यांना काडी लावली. लोक जमले. मला तेच हवं होतं. बघा म्हणावं, किडका माल मी विकत नाही, जाळतो. धग एवढी होती की सडकेवरचे बैल उधळले. कुठून तरी त्याला कळलं असावं. तो सायकल टाकून धावत आला, घामाने भिजलेला.

"काऊन जाळून राह्यले? शेटजी, काऊन जाळून राह्यले! धांडे कापून बारीक कुट्टी करायची होती. कुट्टीत किडा मरते, चारा राहते. मी चिठ्ठीत खाली लिहिलं होतं."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. गणपतने मला धरलं. पाखरूबाबू आगीकडे पाहत उभा राहिला. उष्ण वाऱ्याबरोबर वर गेलेली पाखरं कुठे जातात ते पाहत होता, की माझ्याकडे पाहायचं टाळत होता, हे मला सांगता येणार नाही.

त्या वर्षी दसऱ्याला तो नागपूरला गेला. त्याच्या वस्तीतली सगळीच माणसं गेली होती. परतल्यावर काही दिवसांनी सडकेने जाताना त्याच्या सायकलची साखळी माझ्या टालीसमोर तुटली. ऊन होतं. गणपतने सवयीने कोनाड्यातला पेला काढला आणि धुऊ लागला.

"तो पेला नोको काढू आता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दोन पाखरांमधला फरक सांगताना त्याचा आवाज असे, तसाच होता.

मी आतून बोललो, "मग कोणत्या पेल्यात देऊ?"

"तुमी ज्यात पेता त्यात."

 गणपत पेला हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. पाखरूबाबूने साखळीत तार अडकवली, हात धुळीला पुसले आणि निघून गेला. पाणी न पिता. त्याच्या सायकलला त्या दिवशी तुंबडी नव्हती, हे तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

हिवाळ्यात त्याची बदली झाली, पार चांद्याकडे. माझा अर्ज वर गेला होता. तो मागे घेता आला असता. साहेबाने तसं सुचवलंही होतं. मी म्हणालो, दोन गंज्या परत द्या, मग मागे घेतो.

निघण्याआधी तो टालीवर आला. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर गेलो नाही. दाराआडून ऐकत होतो.

"चांद्याले जाऊन राह्यला म्हंते, बाबू?" गणपतने विचारलं. "तथी काय हाय? जंगल आन भात."

"भाताचं घर हाय ना तिकडं! भाताच्या खोडात शिरणारे यायचेच भाऊबंद. पिवळ्या पंखाचे. मी पुस्तकातच पाह्यले." तो खरोखर आनंदात होता, की तसं दाखवत होता? आवाजावरून मला माणसाचा भाव कळतो, पण त्याचा कधी कळला नाही. "ही डबी शेटजीले देजो. अन्‌ सांगजो, दर पावसाळ्याच्या आधी हिच्यात डांबराची गोळी टाकाची. नाई तर बारीक किडे खाऊन टाकतात."

सिगारेटचा एक चपटा टिनाचा डबा होता. गणपतने आणून दिला. मी न उघडता कोनाड्यात टाकला. पेला गणपतने आधीच कुठेतरी नेला होता, त्यामुळे जागा होती.

पुढच्या दोन वर्षांत माझा धंदा सावरला. तिसऱ्या उन्हाळ्यात तोच गोठेवाला पुन्हा माझ्याकडे आला. गंजीतून पुन्हा पाखरं उडाली. पुन्हा तोच प्रश्न. मी शेतकीच्या कचेरीत निरोप धाडला आणि नवा माणूस आला. इस्त्रीची विजार, खिशाला पेन. गंजीपासून पाच हातांवर उभा राहिला. पेंढी ओढली नाही, धांडा चिरला नाही.

"काय लिहू, शेटजी?" त्याने पेन काढलं.

"म्हणजे?"

"गवताची लिहू ना?"

एका मिनिटात चिठ्ठी झाली. तीन वर्षांपूर्वी याच ओळीसाठी मी अकरा दिवस तळमळलो होतो. ती मी गोठेवाल्याच्या हातात दिली. त्याने वाचली, घडी केली आणि मला परत दिली.

"ही पाखरूबाबूची असती तर घेतला असता," तो म्हणाला. "त्यानं तर तुमचा माल तुमच्याच सावलीत बसून नापास केला होता." आणि बंडी वळवून गेला.

त्या दुपारी मी गणपतला बोलावून त्या वर्षीच्या गंज्या उतरवल्या आणि आठ दिवस माणसं लावून सगळ्या कडब्याची कुट्टी केली. किडा होता की नव्हता, कोण जाणे. सांगणारं कोणी नव्हतं. कुट्टी विकली गेली. गोठेवाल्यानेच घेतली.

ते आटोपल्यावर मी कोनाड्यातला डबा काढला. झाकण गंजलं होतं, चाकूने उचकटावं लागलं. आत कापसावर एकच टाचणी होती. डांबराची गोळी मी एकदाही टाकली नव्हती. बारीक किड्यांनी पाखराचं अंग खाऊन त्याचा भुगा केला होता. टाचणीखाली एक चिठ्ठी होती, नखाएवढी. त्याच्या अक्षरात चार ओळी. भिंग नव्हतं, म्हणून उन्हात नेऊन वाचली.

सेलू. ज्येष्ठ. कडब्याची गंजी. आणि चौथ्या ओळीत, धरणारा म्हणून, माझं नाव. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, साहेबाकडे दिलेल्या अर्जावर मी लिहिलं होतं तसं. बाजारात मला त्या नावाने कोणी ओळखत नाही. चिठ्ठी उलटी केली. मागे लिहिलं होतं: चौदात नाही. पंधरावं.

मी त्याच्या तोंडावर फेकलं होतं ते.

त्याने धरलेली पाखरं कचेरीच्या पेटीत साहेबाच्या नावाने लागत, हे मला गणपतने एकदा सांगितलं होतं. या डब्यात त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. मी चांद्याच्या कचेरीला पत्र टाकलं. उत्तर आलं की या नावाचा माणूस इथून पुढे गेला, कुठे ते नोंदीत नाही. दुसरं पत्र मी टाकलं नाही. गंज्या त्याच्यामुळे गेल्या असं मी नंतरही एक-दोनदा बोलून पाहिलं. पण आवाज चढत नव्हता, आणि आवाज चढल्याशिवाय माझं बोलणं मलाच पटत नाही.

डबा अजून कोनाड्यात आहे. आता दर वर्षी मृगाच्या आधी मी त्यात डांबराची गोळी टाकतो. खायला आत फारसं काही उरलेलं नाही. टाचणीजवळ एक पंख तेवढा शिल्लक आहे. त्याची पांढरी पट्टी होती की सोनेरी धूळ, आता सांगता यायचं नाही, नक्षी सगळी झडून गेली. स्पिरिट लागत नाही. उजेडात धरला की शिरा दिसतात.